मूठभर गोळ्या

सगळं जमून आलं असतं तर डॉक्टरीणबाईंच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पहिलं म्हणजे कोपऱ्यातली खिडकीवाली खोली. दुसरं विभागप्रमुखपद, खोली पदाबरोबरच मिळायची, नाहीतर बाईंनी पद सोडून नुसती खोलीच मागितली असती. तिसरं, परदेशातल्या मोठ्या परिषदेत गळ्यात नावाची पट्टी अडकवून भाषण. आणि चौथं, जे बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते म्हणजे आत्ताच्या विभागप्रमुखांचा तेव्हाचा चेहरा. या गृहस्थांनी एकदा भर बैठकीत 'बाईंचं काम काय, तर चहात साखर किती विरघळली ते मोजायचं' असा विनोद केला होता. विनोद बरा होता, हेच बाईंना जास्त लागलं होतं.

या सगळ्याच्या बदल्यात द्यायचं काय, तर नळी नळी रक्त. तेही स्वतःचं नाही.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. एचआयव्ही झालेली बाई गरोदर राहिली की तिला रोज विषाणू दाबून ठेवणारी गोळी घ्यावी लागते. गोळी रक्तात पुरेशी असली की विषाणू झोपून राहतो आणि बाळ सुखरूप सुटतं. पण गरोदरपणात बाईचं रक्त वाढतं, यकृत दुप्पट कामाला लागतं आणि औषध जरा पातळ होतं. बाळंत झाली की पातळी पुन्हा वर येते. हे जगाला माहीत होतं. बाईंना सापडलं होतं ते वेगळंच: त्यांच्या दवाखान्यातल्या बायकांच्या रक्तात शेवटच्या महिन्यांत औषध पातळ होत नव्हतं, जवळजवळ नाहीसं होत होतं. आणि बाळंतपणानंतर असं काही उसळून वर यायचं की आलेख बघताना बाईंना गहिवरून यायचं. सुनेच्या पहिल्या स्वयंपाकाकडे सासूने बघावं तसं नव्हे. सासूच्या पहिल्या चुकीकडे सुनेने बघावं तसं.

आता या बायकांना गोळ्या घ्यायची शिस्त कुणी लावली? बाईंनीच. बऱ्याच वर्षांपूर्वी, जुनं औषध चालू होतं तेव्हा, बायका एक गोळी सकाळी, एक दुपारी, एक रात्री या भानगडीत निम्म्या विसरायच्या. बाईंनी युक्ती काढली. दात घासले की चहाच्याही आधी सगळ्या गोळ्या एका मुठीत घ्यायच्या आणि एका घोटात गिळायच्या. दवाखान्याच्या भिंतीवर मोठी मूठ रंगवून घेतली. चित्रकाराने मूठ अशी काढली की नवीन माणसाला वाटावं इथे कसला तरी संप चालू आहे. पण युक्ती चालली. बायका विसरेनाशा झाल्या, बाईंना शाल मिळाली, आणि त्यांचं नावच पडलं मूठबाई. मधे औषध बदललं, नवं आलं, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं. मुठीला कुणी हात लावला नाही.

आलेखात एक खोट होती, नाही असं नाही. थोड्याशा बायकांच्या रक्तात शेवटच्या महिन्यातही औषध व्यवस्थित होतं. या सगळ्या दवाखान्याला ठाऊक असलेल्या आगाऊ बाया. वेळेवर न येणाऱ्या, सांगितलेलं न ऐकणाऱ्या. बाईंनी त्यांना 'अपवाद' म्हणून बाजूला काढलं. अपवादाने नियम सिद्ध होतो म्हणतात, आणि बाईंना नियम सिद्ध व्हायची घाई होती.

अशात शिवणवाली आली.

ती घरी मशिनवर ब्लाउज शिवायची. पहिलंच बाळंतपण. आजार असल्याचं तिला गरोदरपणाच्या नावनोंदणीतच कळलं, म्हणून गोळीही उशिरा सुरू झाली. बाकीच्या बायका वर्षानुवर्षं औषधावर होत्या, त्यांचा विषाणू आधीच गाढ झोपलेला होता. हिचा अजून जागा होता आणि त्याला बाळाच्या आधी झोपवायचं होतं. तिच्याबरोबर तिची थोरली बहीण यायची. शिवणवाली जेवढी अबोल, तेवढी थोरली बोलकी. दोघींच्या वाटचं थोरलीच बोलून टाकायची, असा बहुधा लहानपणीच करार झाला असावा.

दिवस भरत आले तेव्हा शिवणवालीचे दोन रिपोर्ट एकदम आले. रक्तात औषध जवळपास शून्य. आणि विषाणू चांगलाच वर.

इथे बाईंना काळजी वाटायला हवी होती. बाईंना आनंद झाला.

पुढे त्यांनी स्वतःशी याबद्दल पुष्कळ वाद घातला. काळजीही वाटली होती, आनंदाच्या खालोखाल होती, जिन्यात उभी होती, वगैरे. पण खरं ते खरं. आतापर्यंत त्यांच्याकडे नुसती औषधाची पातळी होती. आता पातळी घसरल्यामुळे विषाणू उठल्याचा पहिला जिवंत पुरावा टेबलावर पडला होता. परिषदेतल्या भाषणाचा शेवट आपल्या पायाने चालत आला होता. फोन करून तिला ताबडतोब बोलवायला हवं, असं एक मन म्हणालं. दुसरं मन म्हणालं, तिची पुढची तारीख आठवड्यावर आहेच, तेव्हा पुन्हा रक्त घेऊ, दोनदा सापडलेलं जास्त पक्कं. दुसरं मन जास्त शिकलेलं होतं, त्यामुळे त्याचंच चाललं.

तेवढ्यात बाईंनी औषध शून्यावर गेल्याची गोष्ट, बाईचं नाव आणि विषाणूचा आकडा न सांगता, प्रसूतीवाल्याला सांगितली. तो त्यांचा वर्गमित्र, खालच्या मजल्यावर बाळंतपणं करायचा, आणि डब्यातलं खाताना दुसऱ्याच्या संशोधनातल्या चुका काढायचा.

"घेत नसेल ती," तो चावता चावता म्हणाला.

"काय?"

"गोळ्या. घेतच नसेल. मग काय शून्यच येणार. अगं, तुझ्या परिषदेत पहिला हात वर करणारा माणूस हेच विचारेल. मीही विचारेन, मला बोलावलं तर."

"तुला कोण बोलावतंय!"

पण घास बाईंच्याच घशात अडकला. ती गोळ्या घेत नसेल तर पुरावा मातीमोल. म्हणजे आता शिवणवालीने प्रामाणिक असणं हे बाळासाठी हवं होतंच, पण बाईंच्या भाषणासाठी जास्त निकडीचं होतं.

आठवड्याने दोघी बहिणी आल्या तेव्हा बाहेरचं दालन भरलेलं होतं. रक्त घ्यायचं तर सकाळची गोळी न घेता यायचं असतं, म्हणून बायका आपापली मूठ कागदात बांधून आणायच्या. पोटाला पिशव्या लावून रांगेत बसायच्या. इथे सगळ्या एकाच दुखण्याच्या, लपवायचं कुणापासून काही नव्हतं, त्यामुळे बाईंनी दाराशीच तोंड उघडलं, आणि सवयीप्रमाणे वर्गात बोलल्यासारखं.

"काय गं, गोळ्या घेतेस ना?"

"घेते," शिवणवाली म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"मग रक्तात का नाही दिसत? रक्त काय तुझ्याशी भांडलंय का? हे बघ, खोटं बोलायचं असेल तर नवऱ्याशी बोल. माझ्याकडे यंत्र आहे. यंत्राला फसवता येत नाही. तुझ्या हट्टापायी उद्या लेकराला..."

"ओ बाई," थोरली उठून उभी राहिली. "हळू. ती खोटं बोलत नाही. तिला जमतच नाही खोटं बोलायला. लहानपणी मी साखर खायचे आणि मार ही खायची, एवढी सरळ आहे."

"सरळ असेल तर औषध कुठे जातंय?"

"ते तुम्ही शोधा. तुमच्याकडे यंत्र आहे ना."

दालनात कुणीतरी खुदकन हसलं. शिवणवालीचे कान लाल झाले. ती आत गेली, हात पुढे केला, नळी भरू दिली. मग हातावर कापूस दाबत तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली.

"आता बघाच, कशी घेते ते. भिंतीवर काढलंय तशी. एक दिवस चुकले नाही."

पुडी उलटली. तळहातावर पडल्या त्या अशा: पांढरी, खडूच्या तुकड्याएवढी कॅल्शियमची. लालसर, लोहाची. आणि त्या दोघींमधे, दोन दांडग्या जावांमधे नव्या सुनेने बसावं तशी, बाईंची नवी गोळी. शिवणवालीने मूठ मिटली, पाण्याचा घोट घेतला, मान मागे टाकली, आणि एका दमात गिळून टाकलं. मग तोंड उघडून दाखवलं, शाळेतल्या मुलासारखं. आत काही नव्हतं. रिकाम्या पोटी, चहाच्याही आधी.

बाई बघत राहिल्या.

कॅल्शियम आणि लोह रिकाम्या पोटी या नव्या गोळीबरोबर गेलं तर पोटातच तिला धरून बसतं. ती रक्तात पोचतच नाही, आली तशी आतड्यातून निघून जाते. हे बाईंना माहीत होतं का? बाई हा प्रश्न परीक्षेत घालत. दरवर्षी. गेल्या वर्षी याच प्रश्नावर एका पोराला त्यांनी नापास केलं होतं आणि वर सुनावलं होतं, 'असा डॉक्टर होशील तर रुग्णांनी जायचं कुठे?' जुन्या औषधाला ही खोड नव्हती. मूठ काढली तेव्हा मूठ बरोबर होती. औषध बदललं त्या दिवशी बाईंनी स्वतः सही करून परिपत्रक काढलं, सगळ्यांना वाचायला सांगितलं, आणि भिंतीवरची मूठ तशीच ठेवली. शाल मिळालेल्या गोष्टीकडे माणूस परत वळून बघत नाही.

मग आगाऊ बाया? अपवाद? त्यांना लोहाने पोट जड होतं म्हणून त्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मोरीत टाकायच्या, नाहीतर आठवण झाली की जेवण झाल्यावर खायच्या. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या रक्तात औषध होतं. आणि बाळंतपणानंतर ते आभाळाला भिडणारे आलेख? बाळ झालं की कॅल्शियम-लोहाचा पुरवठा थांबायचा. बाईंनी शरीराचं गूढ शोधलं नव्हतं. बाईंनी स्वतःचा सल्ला शोधला होता, मोठ्या खर्चाच्या यंत्राने.

"बघितलंत?" थोरलीने विचारलं.

"बघितलं," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता.

बाई बाहेर आल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे कुणीतरी कानात म्हणालं, आणि तो आवाज ओळखीचा होता, त्याच शिकलेल्या मनाचा. आजपासून गुपचूप सांगायचं, की नवी गोळी सकाळी आणि बाकीच्या दुपारी जेवणानंतर. मूठ पुसून तिथे एखादं फूल रंगवायचं. आलेख कपाटात. कुणाला कळणार होतं? पण खाली प्रसूतीवाला शिवणवालीची फाईल घेऊन बसला होता. ती गोळ्या घेत नाही असं तो समजून चालला तर तिला दटावत बसेल. गोळी चालत नाही असं समजला तर औषध बदलेल, आणि चांगली गोळी निष्कारण हातची घालवेल. दोन्हीकडे दिवस जाणार, आणि दिवसच तर उरले नव्हते. बाळ काही बाईंच्या इभ्रतीसाठी थांबणार नव्हतं.

त्या जिना उतरल्या.

"ती गोळ्या घेते," त्या प्रसूतीवाल्याला म्हणाल्या. "सगळ्या एकदम घेते. कॅल्शियम आणि लोहाबरोबर. रिकाम्या पोटी."

त्याने वर पाहिलं. "कुणी सांगितलं तिला असं?"

बाईंनी वर, भिंतीच्या दिशेने, बोट केलं.

तो हसणार होता. बाईंनी बघितलं, हसू ओठापर्यंत आलं होतं. पण त्याने फाईल उघडली आणि ते परत गेलं.

"गोळी तीच ठेवू. फक्त वेगळी. आजपासूनच," तो म्हणाला. "ही गोळी विषाणूला लवकर खाली आणते, पण इतक्या थोड्या दिवसांत पुरेसा खाली येईल असं मी धरून चालणार नाही. कळा सुरू व्हायच्या आधी सिझेरियन करावं लागेल. कळा सोसताना बाळाला धोका जास्त. हे रिपोर्ट कधीचे?"

"आठवड्यापूर्वीचे."

"आठवड्यापूर्वी कळलं असतं तर कदाचित आपोआप बाळंत होऊ दिलं असतं मी तिला. आठवडाभर तू काय करत होतीस?"

"आनंद," बाई म्हणाल्या.

वर्गमित्राला पहिल्यांदाच निरुत्तर केलं, आणि तेही असं.

सिझेरियन झालं. आधीच्या तपासणीत विषाणू निम्म्याहून खाली आला होता, पण हवा तितका नाही. शिवणवालीच्या शिरेतून जास्तीचं औषध गेलं. मुलगी झाली, आवाज थोरल्या मावशीवर गेलेला. एरवी अशा बाळांना विषाणू रोखायला औषधाचं एक सरबत पुरतं; हिला दोन द्यावी लागली, दोन्ही कडू, कित्येक आठवडे. पाजताना ती असं तोंड करायची की खोलीतल्या सगळ्यांनी आपोआप आपापले ओठ मिटावेत.

बाई भेटायला गेल्या. हातात काही नेलं नाही. काय न्यायचं ते सुचलं नाही. खाटेच्या कडेला उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. मूठ चुकीची होती. चूक माझी. तू नीट ऐकलंस म्हणून हे झालं.

"म्हणजे हिचं पोट फाडलं ते तुमच्या चित्रामुळे," थोरली म्हणाली.

"हो."

"आणि वर हिलाच खोटारडी म्हणालात. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"हो."

थोरलीला एवढ्या लवकर 'हो' मिळायची सवय नव्हती. ती गप्प झाली, आणि करार मोडून शिवणवाली बोलली.

"मला इथे सांगून काय उपयोग?"

"म्हणजे?"

"मला खोटारडी इथे नाही म्हणालात. बाहेर म्हणालात. सगळ्यांसमोर. तशाच आवाजात."

बाईंनी माफी मागायची तयारी केली होती, ती खोलीच्या मापाची होती. दालनाच्या मापाची नव्हती. त्या म्हणाल्या, बघू. शिवणवाली म्हणाली, "बघू नका. सांगा." पुन्हा म्हणावं लागलं तिला, तेव्हा बाईंनी मान हलवली.

टाके काढायच्या दिवशी दालन भरलेलं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या. वर्गातला आवाज नेमका त्या दिवशी सापडेना. शेवटी थोडा उसना आणला.

"या बाई खोटं बोलत नव्हत्या. त्या गोळ्या मी सांगितल्या तशाच घेत होत्या. मीच चुकीचं सांगितलं होतं, यांना आणि तुम्हा सगळ्यांना. आजपासून नवी गोळी सकाळी एकटी. कॅल्शियम आणि लोह दुपारी, जेवण झाल्यावर. मुठीत घ्यायचं नाही."

मागच्या बाकावरून एक आगाऊ बाई, आपली सुप्रसिद्ध अपवाद, म्हणाली, "म्हणजे मी लोहाची गोळी मोरीत टाकत होते ते बरोबरच होतं की!"

"नाही. तेही चूकच. पण माझ्यापेक्षा लहान चूक."

दालन हसलं. शिवणवाली हसली नाही. तिने बाळाचं टोपरं नीट केलं, मान एकदा खाली-वर केली, बस. थोरलीने मात्र तिच्या वाटचंही हसून घेतलं.

बाईंनी परिषदेला कळवलं, भाषण मागे घेतलं, आणि 'गरोदर बायकांच्या रक्तातलं औषध कशाने नाहीसं होतं' याचं खरं उत्तर छोट्या खुलाशात लिहून पाठवलं. उत्तर आधीच पाठ्यपुस्तकात होतं, त्यामुळे खुलासा लिहायला फार वेळ लागला नाही. विभागप्रमुखांनी तो वाचला आणि म्हणाले, "चहात साखर विरघळत नव्हती म्हणे, पण चमचाच तुमचा होता." हाही विनोद बरा होता. नापास केलेल्या पोराला बाईंनी बोलावून घेतलं आणि घडलेलं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मला तो प्रश्न अजूनही येत नाही." बाईंना त्याच्याबद्दल एकदम माया वाटली.

बाळाचा पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. मग औषधं संपली आणि पुढचाही स्वच्छ आला. प्रसूतीवाल्याने तो बाईंच्या टेबलावर आणून ठेवला आणि डबा न उघडता निघून गेला. बाईंनी कागद बराच वेळ हातात धरला. या वेळी आनंद झाला तेव्हा त्यांनी आधी इकडे तिकडे बघून घेतलं, की कशाबद्दल होतोय.

आता कुणी काय मोजलं ते बघू. खिडकीवाली खोली दुसऱ्याला गेली, पण ती कधी बाईंची नव्हतीच, आणि जे हातात नव्हतं ते गेलं तर त्याला खर्च म्हणत नाहीत. हसं झालं, ते लोकांनी फुकट नेलं. आगाऊ बायांनी काहीच मोजलं नाही. त्यांनी ऐकलंच नव्हतं. सगळं मोजलं ते नीट ऐकणारीने. पोटावर टाके, कित्येक आठवडे मशिनवर पाय ठेवता येईना म्हणून अडलेली शिलाई, आणि भरल्या दालनात एकदा खोटारडी म्हणवून घेणं. उरलेलं तिच्या लेकीने मोजलं, दोन कडू सरबतांनी, थेंब थेंब, कुणाचं देणं फेडतोय ते कळायचं वय नसताना.